आपली गाडी, आपली मर्जी

ग्रुप टूरमध्ये शिट्टी वाजवणारा एक मॅनेजर असतो. पहाटे तो शिट्टी वाजवतो, बस सुटते आणि दिवसभर चाळीस माणसं मिळून त्याच्या नावानं बोटं मोडतात. ही फार मोठी सोय आहे. आपल्या गाडीनं गेलं की बोटं मोडायला परका माणूसच उरत नाही. मग घरातल्या घरातच एकमेकांच्या नावानं मोडावी लागतात.

"बसमध्ये कोंबून कशाला जायचं? आपली गाडी, आपली मर्जी!" असं आमच्या दाजींनी फराळाच्या ताटावर जाहीर केलं आणि बेत पक्का झाला. दाजी पाटबंधारे खात्यातनं निवृत्त. उभी नोकरी पाणी बघण्यात गेल्यामुळं त्यांना आता वाळवंट बघायचं होतं. कोल्हापुरातनं निघून गुजरातेत लोथल, मोढेरा, पाटण, कच्छचं रण आणि शेवटी धोलावीरा. गाडीत दाजी, अक्का, मी, बायको, आमचे चिरंजीव आणि आत्ती. आत्तीला कुणी विचारलं नव्हतं. तिनं पिशवी भरून ठेवल्याचं फक्त कळवलं. त्या पिशवीत चकल्या, लाडू, गुडघ्याचं तेल आणि दोन किलोचा कांदा-लसूण चटणीचा डबा होता.

पुढच्या सीटवर कोण बसणार, हा प्रश्न किणी टोलनाक्याच्या आत निकालात निघाला. दाजी नकाशा घेऊन पुढं बसले होते. आत्ती मागनं एवढंच म्हणाली, "बसा, बसा. माझे गुडघे काय, आज न्हाई तर उद्या जायचेच हैत." दाजी उतरले. तिथनं पुढं सगळा प्रवास आत्तीनं पुढं बसून केला आणि दाजींनी मागच्या खिडकीतनं गुजरातचा डावा निम्मा भाग तेवढा बघितला.

ड्रायव्हर कोल्हापूरचाच. साठीकडं झुकलेला, सगळे त्याला मामा म्हणायचे. प्रत्येक टोलनाक्याला फास्टॅगचा आवाज आला की मामा उसासा टाकायचा, "आमी आंदोलन करून शहरातला टोल घालवला हुता." पुण्यापर्यंत आम्हाला त्याचा अभिमान वाटला. वापीपर्यंत ऐकून घेतलं. सुरतेच्या पुढं पोरानं कानात इअरफोन घातले ते धोलावीरेला काढले.

गाडी ठरवताना जो हिशेब सांगतात तो ऐकायला सरळ असतो. किलोमीटरचा दर, ड्रायव्हर भत्ता वेगळा, टोल-पार्किंग-परमिट वेगळं, आणि रोजचे किमान तीनशे किलोमीटर धरणार, मग गाडी पळो न पळो. या शेवटच्या कलमानं दाजींचं स्वास्थ्य घालवलं. जाताना काही वाटलं नाही, कारण कोल्हापूर ते अहमदाबादच साडेआठशेच्या वर भरतं. पण भुजला मुक्काम पडला आणि संध्याकाळच्या चहाला ते अस्वस्थ व्हायला लागले.

"आज एकशे सत्तरच झालेत. एकशे तीस वाया चाललेत. कुठंतरी जाऊन येऊ की."

"कुठं?"

"कुठंबी."

त्या रात्री जेवणानंतर आम्ही हमीरसर तलावाच्या कडेनं गाडीतनं विनाकारण फेऱ्या मारल्या. "आपला रंकाळाच की," अक्का म्हणाली. एवढ्या लांब येऊन हे कळल्यावर सगळ्यांना बरं वाटलं.

आपल्या गाडीनं जाण्यातली खरी अडचण तिथंच आहे. परक्या माणसांत बसलं की जरा तरी तोंड मिटून समोरचं बघावं लागतं. आपल्या गाडीत अख्खं कोल्हापूर बसून येतं, आणि ते गप्प बसत नाही.

लोथलला दाजी हरवले. दोनशे मीटरांहून लांब अशी विटांनी बांधलेली ती प्रचंड हडप्पाकालीन कुंडी. एस. आर. राव यांनी १९५५ पासून इथं उत्खनन केलं आणि ही जहाजांची गोदी असल्याचं सांगितलं. काही अभ्यासक मात्र तिला पाण्याचा तलाव मानतात. दाजींना हा वाद कळला आणि त्यांची निवृत्ती रद्द झाली. कुंडीच्या कडेनं दोन चकरा मारून ते दक्षिणेच्या बाजूला उकिडवे बसले. "हे बघ, सांडवा. जादा पाणी हितनं सोडायचे. काम चोख आहे. आमच्यात असं करा म्हणून टिपण दिलं असतं तर फाईल परत आली असती." हडप्पाकालीन बांधकाम एका निवृत्त शाखा अभियंत्यानं पास केलं, तेव्हाच आम्हाला गाडीत बसायला मिळालं. इथल्या दर्यावर्दी व्यापाऱ्यांचं कौतुक मग पुढं तासभर चाललं. वास्तविक आमच्याच टाऊन हॉल म्युझियममध्ये पोसायडनची ब्राँझची मूर्ती आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेला, रोमन व्यापारातनं आलेला समुद्रदेव. समोरच्या सीपीआरला पेशंट बघायला शंभर वेळा गेलेल्या आमच्या गाडीतलं एकही माणूस त्याला बघायला आत गेलेलं नाही. पण त्याला तीनशे किलोमीटर लागत नाहीत, म्हणून असेल.

मोढेऱ्याचं सूर्यमंदिर १०२६-२७ मधलं, सोळंकी राजा पहिल्या भीमदेवाच्या काळातलं. समोर पायऱ्यापायऱ्यांचं कुंड आणि त्यात १०८ छोटी देवळं. गाइड रंगात येऊन हिंदीत सांगत होता, की दिवस-रात्र समान असतात तेव्हा सूर्याची पहिली किरणं थेट गाभाऱ्यातल्या मूर्तीवर पडायची.

"पडायची म्हंजे?" आत्तीनं विचारलं. "आता?"

"अब मूर्ती नहीं है, माताजी."

आत्तीचा चेहरा उजळला. "हमारे अंबाबाई को अजून पडता है!" तिनं गाइडला खांबाजवळ बसवलं आणि किरणोत्सव समजावला. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. मावळतीची किरणं, महाद्वारातनं सरळ आत. वर्षातनं दोनदा, नोव्हेंबरात ९, १० आणि ११, मग परत जानेवारीच्या अखेरीला. हे सांगता सांगता तिला आजची तारीख आठवली. "म्हंजे आज हाय की किरणोत्सव! आणि मी हितं, देव नसलेल्या देवळात!" त्यानंतर मुक्कामाला पोचेपर्यंत ती दाजींशी बोलली नाही. गाइडनं मात्र जाताना नमस्कार करून कोल्हापूरला गाडी कुठनं मिळते ते विचारून घेतलं.

पाटणची राणी की वाव आम्ही शांतपणे बघितली, कारण आत्तीचा अबोला चालू होता. त्याच भीमदेवाच्या आठवणीत उदयमती राणीनं बांधलेली ही विहीर पुढं सरस्वतीच्या गाळात कित्येक शतकं गाडली गेली होती. २०१४ साली ती जागतिक वारसा यादीत गेली आणि २०१८ च्या शंभराच्या नोटेवर आली. मामानं खिशातनं जांभळी नोट काढली, हात लांब करून धरली, एक डोळा झाकला आणि नोट अन् विहीर जुळवून बघितली. मान थोडी डावीकडं. मग उजवीकडं. "बरोबर हाय," असा शेरा मारून त्यानं नोट घडी घालून परत ठेवली. पुरातत्त्वात एवढं नेमकं काम मी दुसऱ्या कुणाला करताना बघितलं नाही.

जेवणाचं काय सांगावं. गुजराती माणूस प्रेमानं वाढतो, आग्रहानं वाढतो आणि गोड वाढतो. पहिल्या वाटीला डाळ गोड लागली तेव्हा बायको म्हणाली, चुकून खीर आली असेल. तांबड्या-पांढऱ्यावर वाढलेला माणूस अशा प्रदेशात चार घासांतच हळवा होतो. दाजींनी हॉटेलच्या मॅनेजरला बाजूला घेऊन 'बाकीच्या व्यवस्थेची' हळूच चौकशी केली. त्यानं बाहेरच्या राज्यातल्या माणसाला मिळणाऱ्या परमिटची पद्धत इतक्या खणखणीत आवाजात सांगितली, की अक्कानं ती शेवटच्या टेबलावरनं ऐकली. तो विषय तिथंच संपला. मग आत्तीनं डबा उघडला. डाळीत चटणी, खिचडीत चटणी, बाजरीच्या रोटल्यावर तेल-चटणी. भुजच्या चौकात दाबेली खाताना तिनं गाडीवाल्याला विचारलं, "ह्याच्यावर कट कुठाय?" तो भला माणूस नुसता हसला. तिनं पाव उघडून आत चटणी पेरली. शेजारच्या गिऱ्हाइकानं चव मागितली आणि नंतर बराच वेळ तो पाणी मागत होता.

काळो डुंगर हा कच्छमधला सगळ्यात उंच डोंगर, साडेचारशे मीटरांच्या आसपास. माथ्यावर चक्क दत्ताचं देऊळ आहे. उपाशी कोल्ह्यांना दत्तगुरूंनी स्वतःचं अंग खायला देऊ केलं अशी तिथली कथा, आणि म्हणून आजही तिथं कोल्ह्यांसाठी प्रसादाचा भात ठेवतात. आत्ती दत्ताच्या नरसोबावाडीची भक्त. गहिवरून ती मामाला सांगायला लागली, की महाराज रोज काशीला स्नान करतात, दुपारी भिक्षेला आपल्या कोल्हापुरात येतात आणि निद्रेला माहूरला जातात.

मामानं क्षणभर विचार केला. "रोजचं एवढं रनिंग? महाराजांना तीनशेचं मिनिमम परवडतंय बघा."

पांढऱ्या रणात जायचं तर आधी परमिट, ओळखपत्रं, रांग. ते सगळं सोडून देतो. पावसाळ्यात इथं पाणी भरतं, नंतर ते आटत जातं आणि क्षितिजापर्यंत मिठाचा थर उरतो. आम्ही लवकर गेलो होतो, म्हणजे थर कोरडा आणि खाली गाळ अजून ओला. पाटी होती, माणसं सांगत होती. पण दाजींच्या पायात कोल्हापूरच्या चप्पल लाइनमधनं खास घेतलेली, करकर वाजणारी कापशी चप्पल होती. "हे चामडं शेतात चालतंय, हितं काय होतंय?" म्हणत ते फोटोसाठी वीस पावलं पुढं गेले. करकर, करकर, करकर. आणि मग नुसतंच 'पचक'. डावा पाय घोट्यापर्यंत आत. त्यांनी पाय ओढला, तो आला. चप्पल आली नाही. मी, पोरगं आणि एक अनोळखी राजस्थानी गृहस्थ असे तिघं गुडघ्यावर बसून काळ्या चिखलात कोपरापर्यंत हात घालून ती कापशी शोधत होतो. मागं पौर्णिमेचा नसला तरी बऱ्यापैकी चंद्र उगवत होता, लोक 'वा, वा' म्हणत होते. मला त्यातलं चप्पल सापडल्याचं तेवढं आठवतंय. ती वाळल्यावर पांढरी आणि कडक झाली, आणि करकर कायमची गेली. आत्तीनं तेवढ्यात मिठाचा खडा जिभेवर ठेवून बघितला आणि मान हलवली. "चांगलं हाय. पण डाळीत घालत न्हाईत हे लोक."

खावड्याहून धोलावीरेला जाणारा रस्ता रणातनं जवळजवळ तीस किलोमीटर सरळ जातो. दोन्ही बाजूंना पाणी आणि मीठ. त्या रस्त्याचे फोटो काढायला लोक देशभरातनं येतात. मामाला मात्र तो बघून घाम फुटला. जन्म सगळा गगनबावडा आणि आंबा घाटात गेलेला. "वळण न्हाई, खड्डा न्हाई, म्हस आडवी न्हाई. मला झोप यायला लागलीया," असं त्यानं ऐंशीच्या वेगात सांगितलं. तेव्हा आत्तीनं सूत्रं हातात घेतली. तिनं गावाकडच्या वाटणीची गोष्ट काढली. कुणी बांध कोरला, कुणी सातबाऱ्यावर कुणाचं नाव लावलं, तेराव्याला कोण जेवायला आलं नाही. मामा इतका खडबडून जागा झाला की मधेच म्हणाला, "आवो पण विहिरीचा हिस्सा कुणाला गेला?" आम्ही बेटावर पोचलो तरी निकाल लागला नव्हता.

धोलावीरा हे लोथलसारखंच हडप्पाकालीन शहर, रणातल्या खडीर बेटावर आहे. जगत्पती जोशींनी ही जागा १९६७-६८ मध्ये शोधली, आर. एस. बिष्ट यांच्या हाताखाली १९९० पासून खोदकाम झालं आणि २०२१ साली ती जागतिक वारसा यादीत आली. बालेकिल्ला, मधलं नगर, खालचं नगर. सावली मात्र कुठंच नाही. उत्तरेच्या दरवाजापाशी जगातल्या सगळ्यात जुन्या पाट्यांपैकी एक सापडली. दहा चिन्हं, प्रत्येक फुटापेक्षा उंच. लाकूड कुजून गेलं, चिन्हं राहिली. ती लिपी अजून कुणाला वाचता आलेली नाही, असं गाइड म्हणाला आणि आमच्यात वाचन सुरू झालं. "चपला बाहेर काढा," आत्ती म्हणाली. दाजी म्हणाले, पाणीपट्टी भरल्याशिवाय प्रवेश नाही. मामानं दरवाजाची रुंदी नजरेनं मोजली आणि गंभीरपणे म्हणाला, "गेटसमोर गाडी लावू नये."

पण खरी गंमत तलावांवर झाली. मनसर आणि मनहर हे दोन पावसाळी ओढे. त्यांचं पाणी बांध घालून अडवायचं, दगडी तलावांत साठवायचं, एकातनं दुसऱ्यात न्यायचं. सगळ्यात मोठा तलाव सत्तर मीटरांहून लांब, खाली उतरायला पायऱ्या. थेंबन् थेंब जपणाऱ्या माणसांचं हे शहर, आणि त्याच्या काठावर आम्ही पंचगंगाकाठची माणसं, दर जुलैत पाणी घरात येतंय का बघणारी. दाजी हरखून पायऱ्या मोजत होते. मग त्यांनी गाइडला अत्यंत आदरानं विचारलं, "इनकी इशारा पातली कितनी थी?"

गाइडला कळेना. दाजींनी राजाराम बंधाऱ्यापासून सुरुवात केली. एकोणचाळीस फुटाला इशारा, त्रेचाळीसला धोका, मग सुतारवाडा, मग शाहूपुरी. भर उन्हात अर्धा तास. शेवटी गाइड म्हणाला, "साहब, यहाँ पानी आता ही नहीं था." दाजींनी त्याच्याकडं असं बघितलं की खात्यानं त्याला तातडीनं निलंबित करावं.

परतीचा प्रवास झोपेत, लाडवांत आणि टोलात गेला. कोल्हापुरात उतरल्यावर मामानं वही काढली. किलोमीटर, भत्ता, परमिट, पार्किंग. दाजींनी प्रत्येक आकडा तपासला, किमान तीनशेच्या दिवसांवर नव्यानं हुज्जत घातली आणि हरले. सगळ्यात खाली एक ओळ होती: सीट धुलाई, चटणी सांडल्यामुळं.

"आता पुढच्या सुट्टीला हंपी," दाजी पैसे मोजता मोजता म्हणाले. "येणार का मामा?"

"यीन की," मामा आत्तीच्या पिशव्या उतरवत म्हणाला. "पण आत्ती पायजेत. त्या विहिरीचं अजून कळलं न्हाई."