असल्या होडीत बसतातच कशाला?

"बायका-पोरं घेऊन असल्या होडीत बसतातच कशाला हे लोक?"

रोहिंग्यांची होडी बुडाल्याची बातमी आली की सोलापुरात आमच्या पूर्व भागात हा प्रश्न हमखास निघतो. चहाच्या टपरीवर निघतो, नात्यातल्या ग्रुपवरही निघतो. विचारणारे निर्दयी नसतात. समुद्र आपल्यापासून लांब, होडी पाहिलेली ती उजनी धरणातली. पण या प्रश्नात सगळा दोष बुडणाऱ्याच्या माथी जातो आणि ते मला सहन होत नाही.

ते होडीत बसतात, कारण दुसऱ्या कशातही त्यांना कोणी बसू देत नाही.

म्यानमारच्या १९८२ च्या कायद्यानं बहुतेक रोहिंग्यांचं नागरिकत्व गेलं. नागरिकत्व नाही म्हणून पासपोर्ट नाही, आणि पासपोर्ट नाही म्हणून विमानाचं तिकीट नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये लष्करानं गावं जाळली तेव्हा काही महिन्यांत सात लाखांवर माणसं बांगलादेशात आली. कॉक्स बाजारच्या छावण्यांत बांबू-ताडपत्रीच्या झोपड्या आहेत आणि बाहेर जाऊन काम करायला बंदी आहे. पोरगी तिथंच मोठी होते. कोणाचा नवरा मलेशियात असतो, कोणाचा भाऊ. मग दलाल गाठायचा आणि मासेमारीच्या लाकडी होडीत शंभर-दीडशे जणांनी दाटीवाटीनं बसायचं.

युरोपातही हेच. तुर्कस्तानातल्या बोडरमहून ग्रीसचं कोस बेट अगदी जवळ आहे, पर्यटक फेरीबोटीनं आरामात जाऊन येतात. २०१५ मध्ये सीरियातली कुटुंबं त्याच पाण्यातून जायला दलालाला त्या तिकिटाच्या कितीतरी पट पैसे मोजून रबरी बोटीत बसत होती. पैसे होते, व्हिसा नव्हता. व्हिसा नसलेला प्रवासी आणला तर विमान कंपनीला दंड, असा युरोपीय संघाचा २००१ चा नियम आहे. विमानतळावर काउंटरवरची मुलगीच परत पाठवते.

आता आपल्या दाराशी घडलेलं सांगते. ११ फेब्रुवारी २०२१ ला कॉक्स बाजारहून नव्वद जण एका होडीतून निघाले, निम्म्याहून जास्त बायका. काही दिवसांत इंजिन बंद पडलं. अंदमानच्या समुद्रात होडी भरकटली, खाणं-पाणी संपलं. आपल्या तटरक्षक दलानं त्यांना शोधलं तेव्हा आठ जण मेले होते, एक बेपत्ता होता, एक्क्याऐंशी जिवंत होते. आपण अन्न-पाणी दिलं, औषधं दिली. त्या जवानांचे उपकारच. पण किनाऱ्यावर घेतलं नाही. बांगलादेशही परत घेईना. शेवटी ४ जूनला ती माणसं इंडोनेशियातल्या आचेजवळच्या एका बेटावर उतरली. निघाल्यापासून ११३ दिवसांनी!

भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, हे मला माहीत आहे. पण समुद्रात संकटात सापडलेल्याला मदत करायचं बंधन सागरी कायद्याच्या करारात आहे आणि तो आपण १९९५ मध्ये मान्य केलाय. (तो करारही १९८२ चाच. ज्या वर्षी एका देशानं आपली माणसं नाकारली, त्याच वर्षी जगानं हे लिहून ठेवलं.)

आमचे ताता, म्हणजे आजोबा, दुष्काळात करीमनगरकडून सोलापूरला आले. ते गाव निजामाच्या मुलखात, सोलापूर इंग्रजांच्या. म्हणजे त्यांनीही एक सीमा ओलांडलीच की. त्यांना कोणी व्हिसा विचारला नाही, माग मिळाला, आम्ही सगळे इथले झालो. पूर्व भागातल्या किती पद्मशाली विणकर घरांची हीच कहाणी आहे. म्हणून "कशाला निघतात" हे निदान आपण तरी विचारू नये.

यावर एक दादा म्हणाले, "वाचवलं की अजून येतात गं." इटलीनं हे करून पाहिलंय. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्यांच्या लाम्पेदुसा बेटाजवळ साडेतीनशेवर माणसं बुडाल्यावर त्यांच्या नौदलानं वर्षभर मोहीम चालवून सुमारे दीड लाख जीव वाचवले. मग ती बंद केली. माणसं निघायची थांबली नाहीत, आणि एप्रिल २०१५ मध्ये एकाच बोटीबरोबर आठशेच्या आसपास माणसं गेली.

२०२१ ची ती होडी अंदमानच्या किनाऱ्याला लागायला हवी होती. चौकशी करा, छावणीत ठेवा, पुढं कुठं पाठवायचं यावर देशादेशांत भांडा. ते सगळं माणसं जमिनीवर असताना करता येतं.