प्रतिक्रियेला उत्तर: ‘मर्ज’ असताना ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’ कशाला?

नमस्कार. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये अपसर्ट (रो असेल तर अपडेट, नसेल तर इन्सर्ट) ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’ने कसा करायचा, यावर मी लेख लिहिला होता; ‘मर्ज’ ही त्याच कामाची दुसरी कमांड. त्यावर ‘पोस्टग्रेस १५ पासून मर्ज आहे, तेच स्टँडर्ड. ऑन कॉन्फ्लिक्ट शिकवणाऱ्यांनी आधी डॉक्युमेंटेशन वाचावं. मायएसक्यूएलवर तर रिप्लेस एका ओळीत काम करतं. लेखही उगाच लांबलाय.’ ही तुमची प्रतिक्रिया.

मतभेदाचं काही नाही, पण ‘आधी वाचावं’ हा मास्तरी सूर कशासाठी? पोस्टग्रेस मी ९.५ च्या (ऑन कॉन्फ्लिक्ट आलं ती आवृत्ती) आधीपासून वापरतोय, अपसर्टसाठी लूप फिरवणारं फंक्शन लिहावं लागायचं तेव्हापासून. मर्ज एसक्यूएल:२००३ या स्टँडर्डमधलं आहे आणि ऑन कॉन्फ्लिक्ट स्टँडर्डमध्ये नाही, एवढं तुमचं मान्य.

आता ते डॉक्युमेंटेशनच काढू. मर्जच्याच पानावर, खालच्या टिपांमध्ये, समांतर (एकाच वेळी होणाऱ्या) इन्सर्टसाठी ऑन कॉन्फ्लिक्टचा पर्याय सुचवलाय. तिथपर्यंत बहुधा तुम्ही पोचला नसाल.

कारण साधं आहे. ‘साठा’ टेबलवर (दुकान, वस्तू) युनिक आहे, म्हणजे तीच जोडी दोनदा येऊ शकत नाही. रीड कमिटेडमध्ये (पोस्टग्रेसची डीफॉल्ट आयसोलेशन पातळी) दोन सेशन एकाच नव्या जोडीसाठी मर्ज चालवतात. दोघांनाही रो सापडत नाही, दोघेही ‘व्हेन नॉट मॅच्ड’मधून इन्सर्टकडे वळतात. दुसरा युनिक इंडेक्सवर थांबतो आणि पहिल्याचं कमिट होताच २३५०५ (युनिक नियम मोडल्याचा) एरर खातो. हेच असं लिहा:

इन्सर्ट इन्टू साठा (दुकान, वस्तू, नग) व्हॅल्यूज (७, ४२, १०) ऑन कॉन्फ्लिक्ट (दुकान, वस्तू) डू अपडेट सेट नग = साठा.नग + एक्सक्लुडेड.नग;

एक्सक्लुडेड म्हणजे आपण घालू पाहिलेली रो. इथेही दुसरा थांबतो, पण मग अपडेट करतो. नग बरोबर जुळतात. (रिपीटेबल रीड या अधिक कडक पातळीवर मात्र ४०००१ हा सिरियलायझेशन एरर येऊ शकतो, तेव्हा ट्रान्झॅक्शन पुन्हा चालवावं लागतं.) मर्जच हवं असेल तर २३५०५ पकडून रिट्राय लिहा. एसक्यूएल सर्व्हरवरही मर्जला याच शर्यतीसाठी होल्डलॉक (लॉक धरून ठेवणारी हिंट) द्यावा लागतो, म्हणजे हे खूळ माझ्या एकट्याचं नाही.

ऑन कॉन्फ्लिक्टचेही काच आहेत, ते मूळ लेखात आहेत: एकाच स्टेटमेंटमध्ये तीच की दोनदा आली तर डू अपडेट एरर देतं, म्हणून बॅच आधी डिस्टिंक्ट ऑनने (प्रत्येक कीची एकच रो ठेवून) गाळून घ्या, आणि अपडेट झालं तरी सिक्वेन्सचा (आपोआप वाढणाऱ्या क्रमांकाचा) नंबर खर्च होतो.

रिप्लेसबद्दल एवढंच: ते जुनी रो डिलीट करून नवी घालतं. न दिलेले कॉलम डीफॉल्टवर जातात, आणि फॉरेन कीवर ऑन डिलीट कॅस्केड असेल तर त्या रोवर अवलंबून असलेल्या खालच्या रो साफ. एका ओळीतच.

लांबीचं म्हणाल तर नका वाचू. मात्र पुढची प्रतिक्रिया दोन पीएसक्यूएल (पोस्टग्रेसच्या कमांड खिडक्या) उघडून वरचं करून पाहिल्यावर लिहा.