‘फलक धरून लष्करं हलत नाहीत’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांपासून ऐरोली-वाशीच्या ग्रुपांपर्यंत सध्या एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. वर फोटो आहे : ठाण्यात तलावपाळीला दहा-पंधरा माणसं गाझातलं युद्ध थांबवा, लष्करी ताबा उठवा असे फलक घेऊन उभी आहेत. खाली मजकूर. त्याचं सार असं : २००३ मध्ये जगभर कोट्यवधी लोक रस्त्यावर आले तरी इराकवर हल्ला झालाच. लष्करी ताबा बंदुकीनेच उठतो, आपला गोवाच बघा. ठाण्यातल्या माणसाचा या भानगडीशी काडीचाही संबंध नाही, आधी आपल्या घरचं बघावं. असली आंदोलनं म्हणजे सैनिकांचा अपमान. आणि शेवटी, हे सगळं सेल्फीपुरतं असतं, नेते ढुंकूनही बघत नाहीत.

लिहिणाऱ्याने नाव टाकलेलं नाही. पण मराठी चांगलं आहे आणि इतिहासाचे दाखले दिलेत, म्हणून उत्तर देतोय. नुसत्या शिव्या असत्या तर डिलीट करून मोकळा झालो असतो.

‘२००३ मध्ये काय उपटलं?’

१५ फेब्रुवारी २००३ ला शेकडो शहरांत मोर्चे निघाले. एकट्या रोममध्ये सुमारे ३० लाख माणसं होती, अशी गिनेस बुकात नोंद आहे. तरीही २० मार्चला इराकवर हल्ला झाला. हे सगळं खरं. पण फॉरवर्ड तिथेच हात झटकतो. त्याच्या आधीचं आणि नंतरचं सोयीस्करपणे गळालं आहे.

आधीचं म्हणजे १ मार्च. अमेरिकेला आपली हजारो माणसं तुर्कस्तानातून उत्तर इराकमध्ये घुसवायची होती. तुर्की संसदेत ठरावाच्या बाजूने २६४, विरोधात २५० मतं पडली, १९ जण तटस्थ राहिले. हजर सदस्यांचं बहुमत लागत होतं, ते थोडक्यात हुकलं आणि ठराव पडला. त्या दिवशी अंकाराच्या रस्त्यांवर हजारो लोक उतरलेले होते. समुद्रात थांबलेली अमेरिकी जहाजं वळसा घालून कुवेतकडे न्यावी लागली.

नंतरचं तर थेट आपलं आहे. बगदाद पडल्यावर अमेरिकेने भारताकडे सैन्य मागितलं. एक अख्खी डिव्हिजन, म्हणजे सुमारे १७ हजार जवान. दिल्लीत पाठवण्याच्या बाजूने बोलणारी वजनदार मंडळी होती : अमेरिकेशी मैत्री वाढेल, इराकच्या फेरउभारणीतली कंत्राटं मिळतील, वगैरे. दुसरीकडे एप्रिलमध्येच लोकसभेने त्या हल्ल्याच्या निषेधाचा ठराव केला होता, आणि डाव्या पक्षांपासून सामान्य लोकांपर्यंत विरोध होता. वाजपेयींनी त्या दिवसांत डाव्या नेत्यांनाच, तुमचा आवाज एवढा बारीक का, असं विचारल्याचा किस्सा दिल्लीत आजही सांगतात. किस्सा तंतोतंत खरा असो-नसो, त्यातली मेख बरोबर आहे. पंतप्रधानाला एखाद्या बड्या देशाला ‘नाही’ म्हणायचं असेल तर दाखवायला घरचा विरोध लागतो. १४ जुलै २००३ ला मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असल्याशिवाय सैन्य पाठवणार नाही, असं जाहीर केलं.

म्हणजे मोर्चांनी हल्ला थांबला नाही. पण साताऱ्या-कोल्हापूरच्या पोरांना परक्या देशावरच्या ताब्याची राखण करायला जावं लागलं नाही. हे ज्याला किरकोळ वाटतं त्याने एकदा त्यांच्या गावी जाऊन विचारावं.

‘ताबा बंदुकीनेच उठतो’

गोव्याचं उदाहरण मला अडचणीचं आहे, म्हणून आधी तेच घेतो. १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रही निःशस्त्र गोव्याच्या हद्दीत शिरले. पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या, वीसहून अधिक माणसं गेली. नानासाहेब गोरे, सेनापती बापट, एसेम जोशी, मधू लिमये अशी आपली माणसं त्या लढ्यात होती. त्यातल्या कित्येकांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला. तरी गोवा मुक्त झाला तो डिसेंबर १९६१ मध्ये, भारतीय सैन्य आत गेल्यावर. इथवर फॉरवर्ड बरोबर.

पुढचं त्यात नाही. गोवा गेल्यावरही पोर्तुगालने अंगोला, मोझांबिक, गिनी-बिसाऊ सोडलं नाही. तिथे तेरा वर्षं युद्ध चाललं आणि सक्तीच्या भरतीतली पोरं आफ्रिकेत मरत राहिली. ते संपवलं खुद्द पोर्तुगीज सैन्यातल्या, या युद्धाला विटलेल्या तरुण अधिकाऱ्यांनी. २५ एप्रिल १९७४ ला त्यांनी लिस्बनमधलं सरकार उलथवलं, लोक रस्त्यावर येऊन त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि दीड वर्षात आफ्रिकेतले ताबे सुटले. गोवा भारताचा आहे हे पोर्तुगालने कायदेशीर मान्य केलं तेही या उठावानंतर, १९७४ च्या शेवटी. बंदुकीने १९६१ मध्ये जमीन मिळाली होती. मालकीहक्काचा वाद मिटला तो त्यांच्या घरचे लोक युद्धाला कंटाळल्यावर.

आता लेबनॉन. इस्रायलने १९८२ मध्ये तिथे सैन्य घुसवलं आणि १९८५ पासून दक्षिणेचा पट्टा ‘सुरक्षा क्षेत्र’ म्हणून धरून ठेवला. ४ फेब्रुवारी १९९७ ला सैनिकांना तिकडे नेणारी दोन हेलिकॉप्टरं एकमेकांवर आदळली आणि ७३ जवान गेले. त्यानंतर उत्तर इस्रायलमधल्या चार बायका, ज्यांचे मुलगे लेबनॉनमध्ये ड्युटीवर होते, फलक घेऊन चौकात उभ्या राहू लागल्या. ‘फोर मदर्स’ या नावाने ते आंदोलन ओळखलं जातं. सुरुवातीला हेटाळणी झाली : बायकांना लष्करातलं काय कळतं! त्या खासदारांना गाठत राहिल्या, मंत्र्यांच्या दारात बसल्या, सह्या गोळा केल्या, आणि मागणी एकच ठेवली : लेबनॉनमधून बाहेर या. १९९९ च्या निवडणुकीत एहूद बराक यांनी वर्षभरात सैन्य परत आणण्याचं वचन दिलं, ते जिंकले आणि २४ मे २००० ला शेवटचा सैनिक बाहेर पडला.

हिजबुल्ला या लेबनॉनमधल्या सशस्त्र संघटनेच्या हल्ल्यांशिवाय हे झालं नसतं, असं कोणी म्हणेल. मान्य. पण हल्ले पंधरा वर्षं चालूच होते आणि सरकारचं उत्तर ठरलेलं होतं : आणखी मजबुतीने बसा. त्याच मृत्यूंचा अर्थ ‘आणखी बसा’ऐवजी ‘परत या’ असा मतदाराला लावून दाखवला, तो या बायकांनी.

ईस्ट तिमोरचं थोडक्यात सांगतो. इंडोनेशियाचा ताबा १९७५ पासून. १९९१ मध्ये राजधानी ‘दिली’ इथल्या सांताक्रूझ दफनभूमीत झालेल्या गोळीबाराचं चित्रीकरण जगभर पोचलं. मग अनेक देशांतल्या छोट्या छोट्या गटांनी आपापल्या सरकारांच्या मागे, इंडोनेशियाला शस्त्रं देऊ नका, म्हणून लकडा लावला. १९९९ च्या सार्वमतात ७८.५ टक्के लोकांनी स्वातंत्र्य मागितलं आणि २००२ मध्ये देश स्वतंत्र झाला. मधे हजारो माणसं मेली, तेव्हा गोड गोष्ट म्हणून सांगत नाही.

‘ठाण्याचा काय संबंध?’

या वाक्याचा मला खरा राग आला, कारण ते ठाण्यात बसून लिहिलंय.

कोलशेतला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नौदलाचा तळ होता, एचएमआयएस अकबर. जहाज नव्हे, जमिनीवरचं प्रशिक्षण केंद्र. १८ फेब्रुवारी १९४६ ला कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदल तळावर नाविकांनी संप पुकारला आणि तो वणव्यासारखा पसरला, कोलशेतच्या पोरांपर्यंतही आला. शाळेच्या पुस्तकात या संपाबद्दल निकृष्ट जेवण, गोऱ्या अधिकाऱ्यांची अरेरावी आणि आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका एवढं येतं. मागण्यांच्या यादीत आणखी एक मागणी होती : इंडोनेशियातलं भारतीय सैन्य परत बोलवा.

पार्श्वभूमी अशी. जपान शरण आल्यावर इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं होतं आणि डचांना तो देश परत ताब्यात हवा होता. दरम्यान तिथे उतरलेल्या ब्रिटिश फौजेत बहुतांश शिपाई भारतीय. १९४५ च्या नोव्हेंबरात सुराबायात घनघोर लढाई झाली, तीही मुख्यतः भारतीय शिपायांना पुढे घालून. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातल्या बंदरांत तिथले गोदी कामगार इंडोनेशियाकडे निघालेल्या डच जहाजांना हात लावायला तयार नव्हते आणि भारतीय खलाशी ती चालवायला. आणि इकडे मुंबईत स्वतः गुलाम असलेली, पोटभर जेवण मिळत नाही म्हणून भांडणारी विशी-बाविशीतली पोरं मागणी करत होती की, दुसऱ्याला गुलाम करायला आमचे भाऊ वापरू नका. आधी आपल्या घरचं बघू, असं त्यांनी म्हटलं नाही. त्यांना ते एकच भांडण वाटत होतं.

त्यांच्या पाठिंब्याला लालबाग-परळचे गिरणी कामगार उतरले आणि गोळीबारात दोनशेहून अधिक माणसं मेली. संप पाच-सहा दिवसांत मागे घ्यावा लागला. पण भारतीय शिपाई हवा तिथे, हवा तसा वापरता येईल ही खात्री ब्रिटिशांना उरली नाही, आणि १९४६ च्या नोव्हेंबरअखेर त्यांच्या फौजा इंडोनेशियातून निघाल्या. कोलशेतला आज टॉवर उभे राहिलेत. तिथल्या एखाद्या बाविसाव्या मजल्यावरूनही हा फॉरवर्ड पुढे ढकलला गेला असेल.

दुसरा संबंध टेंभी नाक्याजवळ आहे. तिथलं सिनेगॉग १८७९ सालचं. कोकणातून आलेली बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू मंडळी ठाण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहतायत, घरात मराठी बोलतात, आणि त्यांच्यातल्या पुष्कळांचे नातलग इस्रायलमध्ये आहेत, जिथे अठराव्या वर्षी लष्करात जावं लागतं. एखाद्या मावशीचा नातू त्या सैन्यात असू शकतो. तिच्यासमोर तावातावाने घोषणा देणं मला जमणार नाही. पण ‘आपला काय संबंध’ असं तर मुळीच म्हणवणार नाही. फोर मदर्सचं म्हणणं तिला माझ्यापेक्षा लवकर कळेल.

तिसरा संबंध बंदरांचा. भारतातल्या ११ मोठ्या बंदरांत सभासद असलेल्या वॉटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स फेडरेशन ऑफ इंडियाने फेब्रुवारी २०२४ मध्ये, इस्रायलकडे जाणारा शस्त्रांचा माल चढवणार-उतरवणार नाही, असं जाहीर केलं. एअर कंडिशन्ड हॉलमधल्या परिसंवादापेक्षा मला या एका पत्रकाचं वजन जास्त वाटतं.

राहता राहिलं ‘आधी घरचं बघा’. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही आझाद मैदानावर गाझाविषयक निदर्शनांची परवानगी मागणारी याचिका याच सुरात, कचऱ्यासारखे इथले प्रश्न बघा म्हणत, फेटाळली होती. पुढच्याच महिन्यात त्याच मैदानावर निदर्शनं परवानगीने झाली. कचऱ्याचा प्रश्न त्यामुळे तसूभरही मागे पडला नाही. तो आधीही पडलेलाच होता.

‘सैनिकांचा अपमान’

यावर फार वेळ घालवत नाही. एप्रिल १९७१ मध्ये वॉशिंग्टनच्या संसद भवनासमोर आपली पदकं फेकून देणारे व्हिएतनाममध्ये लढून आलेलेच होते. आपलंच बघायचं तर १९८७ मध्ये शांतिसेना श्रीलंकेत गेली आणि तिथे सुमारे १२०० जवान गमावून मार्च १९९० मध्ये परतली. तोपर्यंत श्रीलंकेचं सरकारच ‘जा’ म्हणत होतं, तमिळनाडूत संताप होता, दिल्लीत सरकार बदललं होतं. त्यांना परत बोलवा म्हणणारे सैनिकांचे शत्रू होते, आणि आणखी दोन वर्षं ठेवा म्हणणारे मित्र?

‘नेते ढुंकून बघत नाहीत’

इथे फॉरवर्डशी मी निम्मा सहमत आहे. तलावपाळीला तासभर उभं राहून, फोटो टाकून घरी गेलो तर नेत्याचं काहीच जात नाही. त्याला फरक पडतो मत, पैसा, माणूसबळ किंवा माल अडतो तेव्हा. वर जिथे जिथे काही हललं, तिथे यांपैकी काहीतरी अडलेलं होतं आणि मागणी कोणाकडे आहे हे स्पष्ट होतं. हल्ला एकदाच करायचा असतो. ताबा रोज चालवावा लागतो, त्याला दरवर्षी बजेट लागतं आणि ठरावीक काळाने नव्या तुकड्या लागतात, म्हणून अडवायला जागाही जास्त.

नवी मुंबईकरांना तर हे सांगायला नको. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली, नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींचा मोबदला मागत शेतकरी रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या गोळ्यांनी पाच जण हुतात्मा झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड त्यातून मिळाले. त्या भूखंडावरच्या इमारतीत राहून ‘आंदोलनाने काही मिळत नाही’ असं टाइप करायला वेगळंच धैर्य लागतं.

मग गाझा आणि वेस्ट बँकच्या बाबतीत आपल्या हातात काय? आपलं सरकार काय करतं, ते. आणि ते दगडावरची रेघ नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत २७ ऑक्टोबर २०२३ ला भारत तटस्थ राहिला, १२ डिसेंबरला युद्धबंदीच्या बाजूने मत दिलं. १८ सप्टेंबर २०२४ ला, इस्रायलने पॅलेस्टिनी भूभागावरचा ताबा बारा महिन्यांत संपवावा, हा ठराव १२४ विरुद्ध १४ मतांनी मंजूर झाला आणि भारत ४३ तटस्थांत होता. जून २०२५ मध्ये युद्धबंदीच्या ठरावावर पुन्हा तटस्थ, सप्टेंबर २०२५ मध्ये दोन राष्ट्रांच्या तोडग्याला पाठिंबा. इतक्या वेळा इकडून तिकडे झालेलं मत कोणीतरी, कुठल्यातरी टेबलावर, काहीतरी हिशेब करून ठरवतं. त्या हिशेबात ठाण्याचा आकडा आज शून्य आहे.

ऐरोली आणि बेलापूरसुद्धा ठाणे लोकसभा मतदारसंघातच येतात, तेव्हा खाडीच्या दोन्ही बाजूंना खासदार एकच. लोकसभेत लेखी प्रश्न टाकायला पंधरा दिवसांची नोटीस पुरते. तलावपाळीला उभ्या राहिलेल्या मंडळींना माझं म्हणणं एवढंच आहे की पुढच्या वेळी फलकांबरोबर टेबल आणि सह्यांचे कागद आणा, आणि वर हे दोन प्रश्न लिहा. १८ सप्टेंबर २०२४ ला भारत तटस्थ का राहिला? आणि ऑक्टोबर २०२३ नंतर इस्रायलला कोणत्या लष्करी मालाच्या निर्यातीची परवानगी दिली? पहिली सही माझी घ्या, शनिवारी संध्याकाळी मी तिकडेच असतो.