पालकांच्या मदतीने पुन्हा करून आणावे

आज दुपारी आमची धाकटी नात शाळेतून आली, दप्तर कोचावर टाकले आणि एरवी दारातूनच खायला मागणारी ही मुलगी एक शब्द न बोलता आतल्या खोलीत जाऊन बसली. दप्तरातून गुंडाळी केलेला ड्रॉइंगचा कागद अर्धा बाहेर आला होता, तो मी उघडून पाहिला. रविवारी जमिनीवर पालथे पडून तिने काढलेला ‘माझे घर ते माझी शाळा’ हा नकाशा होता आणि त्याच्या उजव्या कोपऱ्यात लाल शाईने लिहिले होते, ‘नीटनेटके नाही. पालकांच्या मदतीने पुन्हा करून आणावे.’

हे वाचल्यापासून माझे डोके ठिकाणावर नाही. सूनबाई ऑफिसातून फोनवर म्हणाल्या, “बाबा, आधी बीपीची गोळी घ्या आणि मग काय ते फेसबुकवर लिहा.” गोळी घेतली आहे. आता लिहितो.

मी पिंपरीतल्या एका कारखान्यात ३४ वर्षे आरेखक होतो. टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर आणि टोक काढलेली पेन्सिल यांवर माझे घर चालले. त्यामुळे त्या नकाशात काय चुकले आहे हे मला कोणी शिकवू नये. प्रमाण नाही. उत्तर दिशा दाखवलेली नाही. शाळा काडेपेटीएवढी आहे आणि पिठाची गिरणी तिच्या चौपट, कारण गिरणीवरून जाताना ती दोन्ही कानांवर हात ठेवते. रस्ता जांभळा आहे, कारण काळा खडू संपला होता. औषधांच्या दुकानापुढे बसलेल्या कुत्र्याला पाच पाय आहेत. पाचवा पाय म्हणजे शेपूट, असा खुलासा मला रविवारीच मिळाला होता. एके ठिकाणी खोडून खोडून कागद फाटला, तर तिने मागून तिकिटाएवढा कागद चिकटवला आणि त्या उंचवट्यावरच गतिरोधक काढला. तिसरीतल्या मुलीने आपल्या चुकीचा केलेला इतका हुशार उपयोग मी कारखान्यातल्या शिकाऊ मुलांतही फारसा पाहिलेला नाही.

आता हे सगळे ‘पालकांच्या मदतीने’ पुन्हा करायचे. ही मदत म्हणजे काय असते हे मला नेमके ठाऊक आहे, कारण मी ती एकदा केलेली आहे.

दोन वर्षांपूर्वी थोरला नातू चौथीत होता. चौथीला परिसर अभ्यासात शिवचरित्र असते, त्यामुळे फेब्रुवारीत शिवजयंतीच्या सुमारास शाळेने किल्ल्यांचे प्रदर्शन ठरवले आणि याच्या वाट्याला राजगड आला. मला कोण आनंद झाला! भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरून समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, मोठ्या करून घेतल्या, एका पुठ्ठ्याचा एक थर म्हणजे २० मीटर उंची असा हिशेब धरला आणि बोहरी आळीतून रंग, भुसा, प्लास्टर घेऊन आलो. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तिन्ही माच्या, मध्ये बालेकिल्ला, सुवेळा माचीवरचे नेढे म्हणजे कातळातले आरपार भोकसुद्धा. पहिले दोन दिवस नातू माझ्याबरोबर पुठ्ठे कापत होता. तिसऱ्या दिवशी तो फक्त फेव्हिकॉलची बाटली धरून उभा होता. चौथ्या दिवशी तो नुसता पाहत होता आणि पाचव्या दिवशी शेजारी क्रिकेट खेळायला गेला.

त्याने स्वतःच्या हाताने केलेली एकच गोष्ट त्या गडावर होती. पद्मावती माचीवरचा तलाव. पाण्याच्या बाटलीच्या झाकणात त्याने निळ्या चकचकीत कागदाचा बोळा दाबून बसवला होता आणि काठावर दोन मोहरीचे दाणे चिकटवले होते. ती पाणी प्यायला आलेली माणसे होती. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री सगळे झोपल्यावर मी शेवटचा हात फिरवत होतो आणि ते झाकण माझ्या डोळ्यांत खुपू लागले. माझ्या प्रमाणाने तो तलाव अर्धी माची व्यापत होता. मी तो अलगद उचकटला, तिथे भुसा लावला आणि झोपलो.

सकाळी तो डोळे चोळत आला, गडाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, “आजोबा, माझं तळं कुठंय?”

मी प्रमाण समजावून सांगितले. चौथीतल्या मुलाला, सकाळी पावणेसात वाजता.

हे लिहिताना मला राग शाळेचा येतो आहे की माझा, हे धड सांगता येत नाही. पण शाळेचाही येतो आहे, तो सोडणार नाही. त्या प्रदर्शनात आमच्या राजगडाला पहिले बक्षीस मिळाले! कोणाला मिळाले ते? ३४ वर्षे अनुभव असलेल्या निवृत्त आरेखकाला, आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या स्पर्धेत. शेजारच्या टेबलावर एका मुलाने चिखलाचा तोरणा केला होता, त्याला मधोमध भेग गेली होती आणि तो दाराच्या मागे ठेवला होता. त्या मुलाला येणाऱ्या-जाणाऱ्याने काही विचारले की तो तोंड भरून सांगत होता, भेग कशी पडली तेसुद्धा. आमच्या चिरंजीवांना पाहुण्या बाईंनी विचारले, “हे सगळं तू केलंस?” तेव्हा तो म्हणाला, “इथं तळं होतं. ते मी केलं होतं.” आणि भुसा लावलेल्या जागेवर बोट ठेवले.

त्याच वर्षी दिवाळीत याच मुलाने सोसायटीच्या जिन्याखाली किल्ला केला होता. विटा, गोणपाट, माती, वर अळीव पेरलेले, कसब्यातल्या कुंभारवाड्यातून आणलेले मावळे. तो दोनदा ढासळला आणि दोनदा उभा राहिला. आम्हा मोठ्यांपैकी कोणी त्याला हात लावला नाही, कारण दिवाळीच्या किल्ल्याला गुण नसतात. येईल त्या पाहुण्याला हात धरून तो जिन्याखाली नेई आणि पाऊण तास सोडत नसे. पुण्यातल्या प्रत्येक वाड्याने आणि सोसायटीने पिढ्यान्‌पिढ्या हा प्रकल्प मुलांच्या हाती सोपवला आहे, त्याला कधी लाल शाईचा शेरा लागला नाही. मग शाळेच्या कागदावर ‘प्रकल्प’ हा शब्द आला की आपल्याला एवढे काय होते?

काय होते ते अप्पा बळवंत चौकात जाऊन पाहावे. तयार चित्रांचे तक्ते मिळतात ते ठीक आहे, आम्हीही लहानपणी चिकटवले. आता पैसे मोजले की अख्खा प्रकल्प करून देणारी माणसेही मिळतात, मुलाचे नाव घालून. मुलाने फक्त तो रिक्षात मांडीवर धरून न्यायचा. आणि याच शहरात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून मुलांना भूमिती हातात घ्यायला शिकवले! दोन रुपयांच्या सामानात. ते कौतुकाने पाहायला आपणच मुलांना घेऊन गेलो होतो ना?

मुळात तिसरीच्या मुलाला किती गृहपाठ असावा हेही ठरलेले आहे. केंद्राच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नकोच आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर २ तास असे म्हटले आहे. त्याच्या कितीतरी आधी, १९९३ साली, दप्तराच्या ओझ्याचा विचार करायला केंद्रानेच नेमलेल्या यशपाल समितीने सांगून ठेवले की प्राथमिकच्या मुलांना घरच्या परिसरात पाहण्या-शोधण्यापलीकडे गृहपाठ देऊच नये. घर ते शाळा हा नकाशा म्हणजे अगदी तेच. विषय इतका चांगला निवडायचा आणि मुलीने खरोखर तिला दिसला तसा परिसर काढून आणला की तो नीटनेटका नाही म्हणून परत पाठवायचा, याला काय म्हणावे?

सूनबाईंचे म्हणणे वेगळे आहे. “बाबा, तुम्हाला वेळ आहे म्हणून तत्त्वं परवडतात. मी हिंजवडीहून आठला घरी येते, तेव्हा ग्रुपवर मेसेज असतो की उद्या पानांचे सात प्रकार आणा.” हे खरे आहे, मान्य. काही मुले हात धरून बसवल्याशिवाय पेन्सिल उचलत नाहीत, हेही मान्य. आमचा थोरला त्यांतलाच होता.

पण म्हणून त्याची पेन्सिल आपण उचलायची नसते. राजगडानंतर मी घरात काही गोष्टी बदलल्या आणि त्या दोन्ही नातवंडांना लागू पडल्या, एवढे अनुभवाने सांगतो. शुक्रवारी संध्याकाळी दूध पिताना शाळेची दैनंदिनी मोठ्याने वाचायची. वाचायची मुलांनी, ऐकायची मी. प्रकल्प असला तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर शेवटच्या तारखेला गोल करायचा आणि तिथून मागे मोजत यायचे: अमुक दिवशी चिकटवणे, त्याआधी रंगवणे, त्याआधी सामान. कारखान्यात आम्ही असेच करत होतो आणि आठ वर्षांच्या मुलाला ते नीट कळते, उलट त्याला त्यात गंमत वाटते. खोकी, झाकणे, लग्नपत्रिका, सुतळी यांचा एक खोका पलंगाखाली असतो, म्हणजे रात्री नऊ वाजता दुकान उघडे आहे का हे पाहायला धावावे लागत नाही. तिसरीच्या मुलाला एका बैठकीला वीस मिनिटे पुरे. नंतर त्याचे लक्ष खिडकीबाहेर जाते आणि ते जाऊ द्यावे.

आणि मी शेजारी बसतो, हात मांडीखाली घेऊन. हे अक्षरशः लिहितो आहे. रविवारी नकाशा चालू असताना मी स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. ती विचारत होती, “गिरणी कुठल्या हाताला?” मी म्हणत होतो, “तू जाताना कुठल्या कानावर आधी हात ठेवतेस?” ती उठली, खोलीत चालून पाहिले, उजव्या कानावर हात ठेवला आणि गिरणी उजवीकडे काढली. हीच ती मदत, बाई. ही झाली होती.

बाईंवर मी चिडलो होतो, आता तेवढा नाही. एका वर्गात पन्नासच्या वर मुले, त्यात निवडणुकीची कामे, ऑनलाइन माहिती भरणे, आणि वरून तपासणीला कोणी आले की भिंतीवर सुबक तक्ते हवेत. ते तक्ते कोणी केले हे तपासणारा विचारत नाही, त्यामुळे बाईही विचारत नाहीत. शिवाय पालकच एकमेकांच्या मुलांचे प्रकल्प पाहून नाके मुरडतात. आम्ही कमी नव्हतो, त्या दाराआडच्या तोरण्याकडे पाहून मीही मनात ‘अरेरे’ म्हटले होते.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. त्याच वर्गात शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांमधून आलेली मुले आहेत. त्यांतल्या एकीचे वडील आमच्याच गल्लीत रात्रपाळीचे रखवालदार आहेत. ‘पालकांच्या मदतीने’ हा शेरा तिच्याही कागदावर पडत असेल, तर तिने काय करावे? तिच्या घरी सर्वेक्षण विभागाचा नकाशा नाही आणि सेट स्क्वेअरही नाही. गुण जर आजोबांच्या हाताला द्यायचे असतील, तर सरळ आजोबांचीच परीक्षा घ्या. मी बसतो, माझी काही हरकत नाही.

असो. पाच वाजता मी तो जांभळ्या रस्त्याचा नकाशा घेऊन घराबाहेर पडलो आणि ठरवले की चष्मा फक्त कागदाकडे पाहण्यासाठी वापरायचा, ओळखीच्या रस्त्याचा आधार घ्यायचा नाही. गिरणी उजवीकडे आली. पुढे औषधांचे दुकान आणि कुत्रा जागेवर होता, पाय चार. गतिरोधक जिथे कागद उंच लागतो तिथेच. तीन वळणे, तिन्ही बरोबर. मी शाळेच्या फाटकापाशी पोचलो.

परत येऊन नातीला म्हटले, “सगळं जमलंय, फक्त चौकातला सिग्नल राहिला.”

ती जेवणाच्या टेबलाखाली मांजरासारखी बसली होती. तिथूनच म्हणाली, “तो बंदच असतो, आजोबा.”

मग स्वतःच बाहेर आली, जांभळा खडू घेतला आणि चौकात एक खांब काढला. दिवे काढले नाहीत.

कागद तोच आहे, उद्या दप्तरात तोच जाईल. दैनंदिनीत मी लिहिले आहे : ‘आज हा नकाशा घेऊन घरापासून शाळेपर्यंत चालत आलो. कुठेही चुकलो नाही. एक खांब तिने वाढवला आहे. आणखी मदत करण्यासारखे काही आढळले नाही.’ खाली पालकांची सही लागते, त्यासाठी सूनबाई येण्याची वाट पाहतो आहे.