दोघंही घरच्याच कपड्यांत

अमेरिकन कॉलेज फुटबॉलने नवख्या प्रेक्षकावर एकच उपकार केला आहे. ज्याचं मैदान त्याचा शर्ट रंगीत, पाहुण्याचा पांढरा. बाकी सगळा आनंदच. खेळाचं नाव फुटबॉल आणि काम हाताचं, घड्याळात 60 मिनिटं आणि प्रत्यक्षात साडेतीन तास, चेंडू असा की कुठे उसळेल ते त्यालाही ठाऊक नसतं. पण निदान पांढरे कोण आणि रंगीत कोण एवढं कळतं. त्या आधारावर माणूस जाणकार चेहरा करून निभावून नेतो.

लॉस एंजेलिसमधली दोन विद्यापीठं वर्षातून एकदा हा आधारही काढून घेतात. यूएससी आणि यूसीएलए. पहिलं मराठी घरांना चांगलं ठाऊक आहे, कारण ‘एमएसला गेलाय’ म्हणून सांगितलेल्या पोरांपैकी बरीच तिथे असतात. दुसरं तिथून जेमतेम 20 किलोमीटरवर. लॉस एंजेलिसची वाहतूक धरली तर परगावीच म्हणायचं. पहिल्याचा शर्ट डाळिंबी, दुसऱ्याचा निळा, आणि त्या एका दिवशी पांढरा घालायला सहसा कोणीही तयार नसतं.

आता कोणी म्हणेल, डाळिंबी आणि निळा हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत असा कोण आंधळा आहे? शर्टाबद्दल माझी तक्रारच नाही. माझी तक्रार विजारींबद्दल आहे. यूएससीची विजार सोनेरी, यूसीएलएची विजारही सोनेरी. दोघे उभे असताना सगळं स्वच्छ दिसतं. पण या खेळात उभं राहण्याचा काळ थोडा आणि पडण्याचा फार. चेंडू हातात आलेल्याला एकाने धरलं की त्यावर दुसरा, तिसरा, पाचवा असे पडतात. त्या ढिगातून शर्ट आत जातात आणि बाहेर उरतात ते पाय. सगळे सोनेरी. त्या ढिगाकडे बघून ‘आपला वर आहे की खाली?’ असं विचारणाऱ्याला उत्तर द्यायचं असेल तर डोकी शोधा. डाळिंबी हेल्मेट यूएससीचं, सोनेरी हेल्मेट यूसीएलएचं. म्हणजे एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायांच्या रंगाचं. ढिगात हे लक्षात ठेवणं सोपं नाही.

ही हौस आली कुठून, तर भाऊबंदकीतून. लॉस एंजेलिसचं कोलिझियम हे प्रचंड स्टेडियम अनेक दशकं दोन्ही संघांचं घरचं मैदान होतं. एकाच वाड्यात दोन चुली. आपसात सामना लागला की पाहुणा कोण? दोघेही यजमान. मग पांढरा कोणी का घालायचा? 1929 साली पहिला सामना झाला तेव्हा यूएससीने 76-0 असा धुव्वा उडवला, पुढच्या वर्षी 52-0. त्यानंतर यूसीएलएने 1936 पर्यंत समोर उभं राहण्याचंच टाळलं, आणि ते शहाणपणाचं होतं. परत आल्यावर 7-7 अशी बरोबरी केली. पण वाडा एकच राहिला आणि रंगीत विरुद्ध रंगीत ही रीत पडली. 1967 चा सामना जुने लोक अजून काढतात. यूएससीच्या ओ. जे. सिम्पसनची 64 यार्डांची धाव आणि 21-20 असा एका गुणाने यूएससीचा विजय. त्या सामन्यातही एका बाजूला डाळिंबी आणि दुसऱ्या बाजूला फिकट निळा.

1982 साली यूसीएलएने वाटणी घेतली आणि शेजारच्या पासाडेना शहरातल्या रोझ बोल स्टेडियममध्ये बिऱ्हाड हलवलं. पाठोपाठ नियम आला की पाहुण्याने पांढराच घालावा. रीत थांबली. पाव शतक हे शेजारी एकमेकांकडे पांढऱ्या कपड्यांत, सुतकाला गेल्यासारखे जात राहिले.

मग 6 डिसेंबर 2008 ला यूएससीचे प्रशिक्षक पीट कॅरोल यांनी रोझ बोलवर डाळिंबी शर्ट घालूनच संघ उतरवला. दंड ठरलेला होता, एक टाइमआउट गेला. टाइमआउट म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय यातली मजा कळणार नाही. प्रत्येक संघाला अर्ध्या खेळात तीन मिळतात, उरलेले पुढच्या अर्ध्यात चालत नाहीत. अर्धा संपायला दोन मिनिटं उरली आणि आपण मागे असलो की चालू घड्याळ थांबवायचं हक्काचं साधन हेच. दोन चालींच्या मधे घड्याळ चालू राहिलं तर चाळीस सेकंद नुसते उभ्या उभ्या जातात. एक टाइमआउट हातात असणं म्हणजे ते चाळीस सेकंद वाचवणं. ते शर्टाच्या रंगावर उडवणं म्हणजे महिनाअखेरीस शेवटची नोट फुलांच्या गजऱ्यावर घालवण्यासारखं. मला विचाराल तर दोन्ही खर्च रास्त आहेत.

खरी गंमत पुढे. यूसीएलएचे प्रशिक्षक रिक न्यूहायझेल यांनी सामना सुरू होताच स्वतःचाही एक टाइमआउट काढून टाकला, कारण नसताना, फक्त हिशेब सारखा व्हावा म्हणून. आहेराला परत आहेर. पाहुणा दंड भरून नटून आला, तर यजमानाने दंड न होताही तेवढेच पैसे ताटात टाकले. सामना यूएससीने 28-7 असा जिंकला, म्हणजे टाइमआउट असता तरी यूसीएलएचं फारसं भलं झालं नसतं. पण खेळाच्या व्यवहारात इतका देखणा तोटा मला दुसरा ठाऊक नाही.

2009 पासून नियमच बदलला. दोन्ही संघांनी हंगामाआधी लेखी संमती द्यायची आणि दोन शर्टांचे रंग पुरेसे वेगळे आहेत असा दाखला त्यांच्या कॉन्फरन्सने, म्हणजे ज्या विद्यापीठ-गटात ते खेळतात त्याने, द्यायचा. दोन पक्षांची सही आणि वर तिसऱ्याचं ना-हरकत पत्र. गॅलरीला जाळी बसवण्याइतकाच सोपा मामला.

उलटी हौसही असते. लुईझियानाचा एलएसयू संघ घरच्या मैदानावर पांढरा घालणारा. रंगीत-यजमानाच्या नियमाने त्याचीही पंचाईत केली होती. पुढे सवलत मिळाली, पण पाहुण्याने हो म्हटलं तरच. 1996 साली पाहुण्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने नाही म्हटलं आणि एलएसयूला आपल्याच घरात सोनेरी शर्ट घालावे लागले. एलएसयूचे प्रशिक्षक आधी व्हँडरबिल्टचेच प्रशिक्षक होते. तेव्हा नकार रंगाला होता की माणसाला, हे ज्याने त्याने ठरवावं.

आता बघणाऱ्याच्या डोळ्यांचं. मैदानात बसलात तर प्रश्न नाही. पडद्यावर, विशेषतः फोनवर, प्रश्न आहे आणि त्याचं कारण यांत्रिक आहे. व्हिडिओ दाबून छोटा करताना प्रकाशाची, म्हणजे उजेड-अंधाराची, माहिती प्रत्येक ठिपक्याची ठेवतात. रंगाची मात्र चार ठिपक्यांत मिळून एकच. कारण डोळ्याला उजेडातला फरक बारीक कळतो, रंगातला ढोबळ. पांढरा विरुद्ध गडद हा फरक उजेडाचा असल्यामुळे चित्र कितीही खराब असलं तरी टिकतो. रंग विरुद्ध रंग हा फरक पहिला विरघळतो. यूसीएलएचा निळा जितका फिकट तितकी तुमची सुटका, कारण फिकट म्हणजे उजळ. तो गडद झाला की डाळिंबीशेजारी शाईच्या डागाशेजारी जांभळाचा डाग.

ज्यांना लाल-हिरवा वेगळा दिसत नाही त्यांचे तर हालच. निळा आणि डाळिंबी त्यांनाही बहुतेक वेळा निभावता येतात. पण 12 नोव्हेंबर 2015 ला एनएफएल या व्यावसायिक फुटबॉलच्या लीगने बफेलोच्या संघाला नखशिखांत लाल आणि न्यूयॉर्क जेट्स या संघाला नखशिखांत हिरवं करून गुरुवारच्या रात्री सोडलं. युरोपीय वंशाच्या दर बारा-तेरा पुरुषांत एकाला हा दोष असतो. त्यांच्यासाठी मैदानावर बावीस माणसांचा एकच संघ होता, आणि तो आपसात मारामारी करत होता. कॉलेजवाल्यांचा दाखला मागण्याचा नियम मला त्या दिवसानंतर पटला.

तेव्हा बघायला बसणार असाल तर काही गोष्टी. आपल्याकडून बघायचं म्हणजे तिकडे शनिवारी दुपारी दीड वाजता सुरू झाला की इथे रविवारचे पहाटेचे तीन. झोपाळू डोळ्यांना रंग आणखी फसवतात. टीव्हीचं ‘व्हिव्हिड’ सेटिंग बंद करा, ते डाळिंबीला भगवं करतं. खेळाडूच्या पाठीवरचा आकडा वाचा. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्या बाजूचे 50 ते 79 आकडेवाले अंगाने धिप्पाड, मधल्या भिंतीत उभे असतात आणि पुढे फेकलेला पास त्यांनी झेलायचा नसतो. त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही तरी चालतं, हे त्या बिचाऱ्यांचं दुर्दैव. चेंडूकडे बघू नका, तो खोटं दाखवण्यासाठीच लपवलेला असतो. आणि ढीग पडला की पंच हात कुठे करतो तेवढं बघा. विजारींकडे तर अजिबात नाही.

खेळाडूंना स्वतःला हा त्रास होतो का? चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅककडे दोन-अडीच सेकंद असतात आणि तेवढ्यात तो डोळ्याच्या कोपऱ्यातून शर्ट टिपतो. वर्षभर त्याने समोर पांढरा म्हणजे शत्रू, किंवा आपण पांढरे तर रंगीत तो शत्रू, एवढंच घोटलेलं. या एका दिवशी रंगीत दिसला एवढ्यावर भागत नाही, कुठला रंगीत तेही बघावं लागतं. साधं वाटतं. मागून सव्वाशे किलोचा माणूस धावत येत असताना करून बघावं.

हे सगळं ज्या बक्षिसासाठी चालतं ती रेल्वे इंजिनाची जुनी घंटा आहे, 295 पौंडांची, म्हणजे सुमारे 134 किलो. मुळात ती यूसीएलएची. 1941 साली यूएससीच्या पोरांनी मदतीचा आव आणून ती ट्रकवर चढवायला हात लावला, ट्रकची किल्ली लंपास केली, आणि समोरचे दुसरी किल्ली आणायला गेले तेवढ्यात ट्रकसकट पळवली. वर्षभर लपवली. 1942 मध्ये तह झाला की जिंकेल त्याने ठेवावी. जिंकणारा तिचा गाडा आपल्या रंगात रंगवतो, एकदा निळा, एकदा डाळिंबी. आता कुठल्याही रंगाऱ्याला विचारा, डाळिंबीवर आकाशी चढवायचा असेल तर काय करावं लागतं. तो सांगेल, आधी पांढऱ्या प्रायमरचा एक हात मारावाच लागेल साहेब, नाहीतर खालचा वर येतो.