वॉचमनची वही, तिचा फोटो आणि डेटाचा कायदा

"आम्ही लोकांच्या माहितीचं काही करत नाही हो, नुसती ठेवतो." हाउसिंग सोसायट्यांच्या कमिट्या हे अगदी प्रामाणिकपणे सांगतात. पण कायद्याच्या दृष्टीने नुसती ठेवणं म्हणजेच काहीतरी करणं.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये 'प्रक्रिया' या शब्दात गोळा करणं, नोंदवणं, साठवणं, शोधून काढणं, जुळवणं, पाठवणं, उपलब्ध करून देणं, इतकंच काय, पुसून टाकणंसुद्धा येतं. काम पूर्ण स्वयंचलित असण्याची गरज नाही, अंशतः असलं तरी पुरतं. त्यामुळे सेक्रेटरींनी घरच्या लॅपटॉपवर हाताने भरलेली मेंटेनन्सची एक्सेल फाइलसुद्धा यात आली.

गेटवरची कागदी वही मात्र आपल्या कायद्याच्या बाहेर आहे. युरोपात पद्धतशीर लावलेल्या कागदी नोंदींनाही डेटाचा कायदा लागतो, आपल्याकडे माहिती डिजिटल झाल्यावरच. आता होतं काय, की कोणीतरी वहीच्या पानाचा फोटो काढतं आणि "काल रात्री बी विंगमध्ये कोण आलं होतं?" असं विचारत सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतं. पानावर पाहुण्यांची नावं आहेत, मोबाइल नंबर आहेत, कोण कोणत्या फ्लॅटमध्ये गेलं तेही आहे. फोटो काढला त्या क्षणी कागद डिजिटल झाला, ग्रुपवर टाकला तेव्हा तो उघडही झाला. पाहुण्याने नंबर दिला होता आत सोडण्यासाठी, दोनशे माणसांना वाचायला नव्हे.

"पण हा आमचा खासगी ग्रुप आहे" हा बचाव टिकणारा नाही. सूट आहे ती एकट्या व्यक्तीने स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी केलेल्या वापराला. तुमच्या फोनमधले नातेवाइकांचे नंबर त्यात बसतात. सोसायटी ही नोंदणीकृत संस्था, तिच्या नावाने कमिटीने केलेलं काम घरगुती कसं ठरेल? स्वीडनमध्ये चर्चच्या एका कार्यकर्तीने सहकाऱ्यांची नावं, फोन नंबर आणि एकीच्या पायाला दुखापत झाल्याची गोष्ट इंटरनेटवर टाकली होती. हेतू वाईट नव्हता. तरीही ती प्रक्रियाच आहे आणि घरगुती सूट लागू नाही, असं युरोपीय न्यायालयाने २००३ मध्ये ठरवलं. तो निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, पण आपली व्याख्या त्याच वळणाची आहे.

थकबाकीदारांची यादी हा सगळ्यात वादाचा भाग. कायदेशीर दावा बजावण्यासाठी आवश्यक असलेल्या प्रक्रियेला कायद्याने बरीच मोकळीक दिली आहे. वसुलीसाठी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे केलेल्या अर्जात नाव, फ्लॅट, रक्कम देणं त्यात बसतं. तीच यादी दर महिन्याला ग्रुपवर झळकवणं वसुलीसाठी 'आवश्यक' आहे, हे पटवून देणं अवघड जाईल. माझ्या मते ते करूच नये, नोटीस ज्याची त्याला पाठवावी.

पाहुण्यांची नोंद ठेवणारं गेटवरचं अ‍ॅप बाहेरच्या कंपनीचं असलं तरी ती कंपनी सोसायटीसाठी काम करते, म्हणून उत्तरदायी सोसायटीच. कंपनीशी लेखी करार हवा आणि पाहुण्यांचे फोटो किती दिवस राहतात हे त्यात लिहिलेलं हवं. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचा, म्हणजे फुटेज साठवणाऱ्या यंत्राचा, कारखान्यातून आलेला पासवर्ड आधी बदला. लॉगिन दोघांकडेच ठेवा, फुटेज ठराविक दिवसांनी आपोआप पुसलं जाईल असं सेटिंग करा. भाडेकरूकडून आधार मागायचंच असेल तर शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार घ्या.

माहिती फुटणं म्हणजे फक्त चोरी नव्हे. हार्ड डिस्क बिघडली, बॅकअप नव्हता आणि सभासदांच्या नोंदी गेल्या, तर तोही कायद्याने डेटाभंगच. वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. अर्थात दंड ठरवताना चुकीचं गांभीर्य पाहिलं जातं, सोसायटीला कोणी २५० कोटी मागणार नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात.

तोवरचं पहिलं काम म्हणजे सोडून गेलेल्या भाडेकरूंच्या पॅन-आधारच्या प्रती सोसायटीच्या ईमेलमध्ये, माजी सेक्रेटरींच्या फोनमध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅपवर अजून कुठे पडून आहेत, ते शोधणं. ज्यांची आता कोणत्याही कायद्याने गरज उरलेली नाही त्या पुसा, आणि काय पुसलं, कधी पुसलं, कोणी पुसलं याची नोंद कमिटीच्या इतिवृत्तात घ्या.