डाउनलोड म्हणजे श्रोते नव्हेत: एका फॉरवर्डला उत्तर

नाशिकमध्ये पॉडकास्ट करणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. त्यातली वाक्ये साधारण अशी: 'एक डाउनलोड म्हणजे एक श्रोता. डाउनलोड घसरले की श्रोते गेले समजा. स्पॉन्सरला सगळीकडच्या आकड्यांची बेरीज सांगा. लोक लांबलचक ऐकत नाहीत, भाग दहा मिनिटांत आटपा.' मेसेज सुटसुटीत आहे, म्हणूनच पसरला. पण त्यावर विसंबून कोणी बरा चाललेला कार्यक्रम गुंडाळू नये, म्हणून एकेक वाक्य घेऊ.

आधी डाउनलोड. ते मोजायचे नियम आयएबी या जाहिरात उद्योगाच्या संस्थेने घालून दिले आहेत आणि बहुतेक होस्टिंग कंपन्या (कार्यक्रमाच्या फायली आपल्या सर्व्हरवर ठेवणाऱ्या) ते पाळतात. किमान एक मिनिट चालेल एवढा ऑडिओ सर्व्हरवरून गेला तर डाउनलोड धरायचे. त्याच आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून), त्याच प्रकारच्या फोन-अ‍ॅपने 24 तासांत तोच भाग पुन्हा मागितला तर तो मोजायचा नाही. बॉट, म्हणजे माणसाऐवजी आपोआप फायली मागणारे प्रोग्राम, वगळायचे. एवढेच. फाइल गेली हे सर्व्हरला कळते. ती कानात गेली की फोनच्या कोपऱ्यात पडून राहिली, हे कळायचा मार्ग त्याच्याकडे नाही.

शिवाय चूक दोन्ही बाजूंनी होते. सातपूरच्या एखाद्या कारखान्यात एकाच वायफायवर, सारख्याच फोनवर, सारख्याच अ‍ॅपमध्ये तिघांनी भाग लावला तर ते एकच धरले जाऊ शकतात. उलट, इंदिरानगरला घरच्या वायफायवर भाग सुरू करून उरलेला सिन्नरच्या वाटेवर मोबाइल डेटावर ऐकणारा एकटा माणूस दोनदा मोजला जाऊ शकतो. म्हणून डाउनलोड फेकून द्या असे मी म्हणत नाही. वेगवेगळ्या अ‍ॅपमधून फीडवरून (नवे भाग पोचवणाऱ्या यादीवरून) ऐकणारे सगळे ज्यात येतात असा तोच एक आकडा आहे. त्याला माणसांची शिरगणती समजू नका, इतकेच.

घसरणीचे वाक्य तर सरळ घबराट पसरवणारे आहे. सप्टेंबर 2023 मध्ये आयफोनची आयओएस 17 ही प्रणाली आली आणि अ‍ॅपलच्या पॉडकास्ट अ‍ॅपने आपोआप होणारी डाउनलोड आवरती घेतली. तुम्ही काही दिवस कार्यक्रम ऐकला नाही की नवे भाग उतरवणे थांबते, आणि परत आलात तरी मधले साचलेले भाग एकदम उतरत नाहीत. कित्येक कार्यक्रमांचे आकडे त्याने पडले. ऐकणारे होते तेवढेच राहिले. न ऐकलेल्या फायली तेवढ्या कमी झाल्या. आपल्याकडे अँड्रॉइडच जास्त, त्यामुळे दिंडोरीच्या बागायतदारासाठी बोलणाऱ्याला हा फटका फारसा जाणवला नसेल. परदेशातल्या आयफोनवाल्या मराठी श्रोत्यांवर चालणाऱ्या कार्यक्रमांचे तसे नाही. द्राक्षावर बोलणाऱ्यांचा चढउतार वेगळाच असतो. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर डाउनी या बुरशीजन्य रोगावरचा भाग जो तो शोधतो, एप्रिलच्या खरड छाटणीला पुन्हा प्रश्न निघतात, आणि तोडणीच्या धांदलीत कोण ऐकायला बसणार? नोव्हेंबरची तुलना नोव्हेंबरशी करा. आणि भागाची तुलना भागाशी करायची तर दोघांचेही पहिले 30 दिवसच घ्या. वर्षभर पडून असलेल्या भागापुढे परवाचा भाग नेहमीच किडकिडीत दिसतो.

बेरजेबद्दल फार बोलायला नको. स्पॉटिफायवरचा स्ट्रीम किमान 60 सेकंद ऐकल्यावर धरतात. यूट्यूब शॉर्ट्सचा व्ह्यू 31 मार्च 2025 पासून क्लिप सुरू होताक्षणी धरतात, मग बोटाने वर ढकलली तरी. या दोघांत डाउनलोड मिसळणे म्हणजे क्विंटल, क्रेट आणि ट्रॉली यांची बेरीज करून कांद्याची आवक सांगणे. यूट्यूबलाही शॉर्ट्सचे खरे मोल ठाऊक आहे: जाहिरातीच्या कमाईसाठी वर्षभरात जे 4,000 तास दाखवावे लागतात, त्यांत शॉर्ट्स फीडवर पाहिलेला वेळ धरत नाहीत.

आता दहा मिनिटांची गोष्ट. हा सल्ला बहुधा 'सरासरी ऐकण्याचा वेळ' बघून आला असावा, आणि त्या सरासरीसारखा फसवा आकडा दुसरा नाही. समजा 40 मिनिटांचा भाग आहे. निम्मे लोक दुसऱ्या मिनिटाला उठून गेले, निम्म्यांनी शेवटपर्यंत ऐकला. सरासरी आली 21 मिनिटे. एकविसाव्या मिनिटाला मात्र एकही माणूस उठलेला नाही! भाग कापून 20 मिनिटांचा केलात तर जाणारे जातीलच, आणि पूर्ण ऐकणाऱ्यांचा निम्मा माल तुम्ही काढून घेतलात. सरासरी सोडा आणि कितव्या मिनिटाला किती जण ऐकत होते हे दाखवणारा भागाचा आलेख उघडा. अ‍ॅपल, स्पॉटिफाय आणि यूट्यूब तिन्हीकडे तो असतो, आपापल्या अ‍ॅपपुरता. सुरुवातीलाच कडा कोसळलेला दिसला तर दोष लांबीचा नाही. संगीत, 'नमस्कार मंडळी', पाहुण्यांचे लांबलचक कौतुक, मागच्या भागाची उजळणी यात पहिली तीन मिनिटे गेलेली असतात. ते काढा. मध्येच एका जागी घसरगुंडी असेल तर तिथे नेमके काय बोललात ते ऐका. पुष्कळदा तिथे जाहिरात असते किंवा पाहुणे विषय सोडून भरकटलेले असतात. हळूहळू उतरत जाणारी रेघ मात्र सगळ्यांचीच असते, तिने झोप उडवून घेऊ नये.

याच्या जोडीला अ‍ॅपलचा 'एंगेज्ड लिसनर' बघावा: भागाची किमान 20 मिनिटे किंवा 40 टक्के ऐकणारा. लहान कार्यक्रमाला हा आकडा डाउनलोडपेक्षा जास्त शिकवतो, कारण तो आठवड्यामागून आठवडा टिकतो आहे की नाही यावरून नेहमीची माणसे जमताहेत का ते कळते.

राहता राहिला स्पॉन्सर. पिंपळगावच्या कृषी सेवा केंद्रवाल्याला डाउनलोडची बेरीज नको असते, आपल्या तालुक्यातले किती ऐकतात ते हवे असते. इथे डॅशबोर्डवरचा (आकडे दाखवणाऱ्या पानावरचा) 'शहर' हा रकाना घात करतो. मोबाइल डेटाचा आयपी पत्ता अनेकदा कंपनीच्या दुसऱ्याच शहरातल्या यंत्रणेवर नोंदलेला असतो, म्हणून निफाडचा श्रोता मुंबई किंवा पुण्याच्या खात्यात जाऊ शकतो. नाशिकचा आकडा कमी दिसला म्हणून स्पॉन्सरपुढे ओशाळू नका आणि मुंबई जास्त दिसली म्हणून फुगूही नका. दुकानदाराशी बोलून तुमच्या कार्यक्रमापुरता एखादा शब्द ठरवा. तो सांगणाऱ्याला थोडी सवलत, आणि किती जणांनी सांगितला याची नोंद त्याच्याच वहीत. फक्त तो शब्द भागाच्या शेवटी सांगू नका. तिथवर किती जण उरतात ते आलेखात दिसतेच.